सहावी ते आठवीचे वाचन-लेखन : जूनआधी आखायचा वर्षाचा आराखडा



हंगाम आटोपला की या पानांवर खोडव्याची निगा, पाचट कुजविणे आणि आडसाली लागणीची पूर्वतयारी यांविषयी लिहिण्याचा आमच्या विभागाचा शिरस्ता आहे. यंदा मात्र ही पाने शाळेसाठी घेत आहे. ऊस विकास विभागाच्या माणसाने पोरांच्या वाचनाविषयी लिहावे याचे काहींना नवल वाटेल. पण वर्षभर आम्ही गटागटांतून हिंडतो, लागणीच्या नोंदी घेतो, बांधावर नि ओसरीवर बसतो, आणि कागद वाचायची वेळ आली की घरातला कर्ता माणूस शेजारी उभ्या असलेल्या पोराला म्हणतो, "वाच रे जरा, काय लिहिलंय." पोरगं सहावी-सातवीतलं असतं. मग जे ऐकू येतं, त्यावरून हा लेख लिहिणे अगत्याचे वाटले.

वजनपावती हातात दिली तर आकडे पोरगं धडाधड वाचतं. भरलेल्या गाडीचे वजन, रिकाम्या गाडीचे वजन, इथपर्यंत गाडी कशीबशी येते. 'निव्वळ' या शब्दापाशी अडते. 'निव... वळ... निवळ.' आणि निव्वळ म्हणजे काय रे, असे विचारले की पोरगं बापाच्या तोंडाकडे बघतं. ट्रॅक्टरच्या दुकानातला माणूस मोबाईलवर कोणता व्हिडिओ पाठवतो ते त्याला ठाऊक असतं, पण तणनाशकाच्या डब्यावरची सूचना वाचून दाखव म्हटले तर दुसऱ्या ओळीत दम लागतो. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता सांगतो, लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे त्याला चित्रावरून समजेल. पण फवारल्यानंतर काय करायचे, अंगावर उडाले तर काय करायचे, हे अक्षरांतच लिहिलेले असते.

यावर "गुरुजी शिकवत नाहीत" असा निकाल देऊन मोकळे होणे सोपे आहे. मला तो मान्य नाही. कारण जरा खोल आहे.

५ जुलै २०२१ रोजी केंद्र सरकारने निपुण भारत नावाचे अभियान सुरू केले. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, मिनिटाला किमान ६० शब्द अचूक वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी २०२६-२७ सालची मुदत घातली. चांगले आहे. पण हे सगळे लक्ष तिसरीपर्यंतचे. त्या पलीकडे जे मूल अर्धवट वाचत पुढे सरकले त्याची चौकशी कोणी करायची? सहावीत गेले की विज्ञानाचे पुस्तक वेगळे, इतिहास-नागरिकशास्त्राचे वेगळे, भूगोलाचे वेगळे, आणि ही सगळी पुस्तके असे धरून चालतात की मुलाला वाचता येते. गणितातसुद्धा तेच. 'एका शेतकऱ्याने अडीच एकरांत एकरी ४२ टन ऊस काढला, त्यातील ८ टन बेण्यासाठी ठेवला, तर कारखान्यास किती टन गेला?' या हिशेबात पोरगं गुणाकारात चुकत नाही. 'त्यातील' आणि 'ठेवला' हे दोन शब्द त्याला लागत नाहीत, म्हणून ते ८ मिळवून टाकते.

शिवाय आज सातवी-आठवीच्या आसपास असलेली मुले ज्या वर्षी पहिली-दुसरीत होती, त्याच वेळी कोरोना आला. मार्च २०२० पासून शाळा बंद पडल्या आणि खालचे वर्ग दीड वर्षाहून अधिक काळ भरलेच नाहीत. जोडाक्षरे, रफार, अनुस्वार हे सगळे ज्या वयात बोट धरून शिकवतात, ते वय मोबाईलसमोर गेले. उगवणीच्या काळात पाणी मिळाले नाही तर फुटवा कमीच राहतो. पुढे कितीही खत टाका.

आपल्या भागात याची झळ जास्त बसणार आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झाले, त्यानंतर पिंपरी-चिंचवड-भोसरी भरत गेली. १९८२ साली महानगरपालिका झाली, १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, तळवडे ही गावे तिच्यात गेली. पुढे चाकणला मोठमोठे वाहन कारखाने आले. कित्येक सभासदांची निम्मी जमीन गेली, उरलेल्या निम्म्यावर ऊस आहे आणि घरातला एक मुलगा कंपनीत कंत्राटी कामाला आहे. त्या मुलाला रोज काही ना काही वाचावे लागते. यंत्रावरची सूचना, पाळीचा तक्ता, ठेकेदाराने सही करायला पुढे केलेला कागद. वाचता येत नाही असे तो सांगत नाही. सही करतो. हा धोका नववी-दहावीत लक्षात येऊन उपयोग नाही. सहावी, सातवी आणि आठवी ही तीन वर्षे हीच शेवटची संधी समजा.

आता हिशेब मांडू. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. २२० हा आकडा ऐकायला मोठा वाटतो. त्यातून चाचण्या आणि सत्र परीक्षांचे दिवस काढा, क्रीडास्पर्धा, स्नेहसंमेलन, जयंत्या-पुण्यतिथ्या काढा, गुरुजींना निवडणुकीच्या नि नाना सर्वेक्षणांच्या कामाला नेतात ते दिवस काढा, ओढ्याला पाणी आल्याने वाडी-वस्तीवरची पोरे येत नाहीत ते काढा. माझ्या अंदाजाने मराठीचा तास सुरळीत होईल असे १५० दिवस हाताशी उरतात. ३५ मिनिटांचा तास धरला तर ते जेमतेम ८८ तास होतात. वर्षाचे वाचन-लेखन या ८८ तासांत बसवायचे आहे. आपण पाण्याच्या पाळ्या मोजून लागण करतो, तसे हे तास मोजून पाठ्यक्रम लावला पाहिजे. पुस्तकातले धडे पानावारी सुरू केले आणि मार्चमध्ये शेवटचे चार उरकले, तर त्याला नियोजन म्हणत नाहीत.

आणखी एक हिशेब बघा. कायद्याप्रमाणे या वर्गांना ३५ मुलांमागे एक शिक्षक. प्रत्येक मुलाने रोज दोन मिनिटे मोठ्याने वाचून दाखवायचे म्हटले तर ७० मिनिटे लागतात, म्हणजे दोन तास गेले. म्हणून काय होते? दोन-तीन हुशार पोरे उभी राहून धडा वाचतात, बाकीची बोट ठेवून बसतात, आणि आपण समजतो वर्गाने धडा वाचला. यावर उपाय जोडीवाचनाचा. तासाची पहिली १० मिनिटे सगळ्या वर्गाने जोड्या करून वाचायचे, एकाने पाच मिनिटे वाचायचे, दुसऱ्याने ऐकायचे नि अडले तिथे सांगायचे, मग उलट. वर्गात गलका होतो, हे खरे. पण ३५ च्या ३५ पोरांच्या तोंडून रोज पाच मिनिटे मराठी वाचली जाते. गुरुजींनी त्या वेळात रोज चारच मुलांपाशी उभे राहून कान द्यायचा. नऊ दिवसांत वर्ग पुरा होतो.

जोडी लावून देताना एक चांगला वाचणारा आणि एक अडखळणारा असावा. आपल्याच खेड तालुक्यात जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेने मुलांनी मुलांना शिकवायची पद्धत बसविली, त्याला ते 'विषयमित्र' म्हणतात. २०२५ साली या शाळेला जागतिक स्तरावरचा, लोकांच्या पसंतीचा शाळा पुरस्कार मिळाला. वाडीवरच्या शाळेने हे करून दाखविले आहे, त्यामुळे "आमच्याकडे कुठं जमतंय" हे म्हणायची सोय राहिलेली नाही.

जूनचे पहिले पंधरा दिवस

माझे सांगणे असे की १५ जूनच्या सुमारास शाळा उघडली की पहिले पंधरा दिवस पुस्तकाला हातच लावू नये. आधी उगवण मोजावी. लागणीनंतर आपण सरीसरीने फिरून तुटाळी बघतो आणि नांग्या भरतो, कारण उशीर केला तर भरलेले रोप शेजारच्या उसाच्या सावलीत कायमचे खुरटते. इथेही हेच होते.

मोजायची रीत सोपी आहे. 'असर' नावाची पाहणी २००५ पासून देशभर खेड्यांतल्या घरोघर जाऊन होते. त्यांचे साधन एका कागदाचे आहे. आधी सुटी अक्षरे, मग सोपे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, मग दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट. मुलाला एकेकटे बाजूला घेऊन वाचायला द्यायचे आणि ते कुठे अडते ते लिहून ठेवायचे. एका मुलाला चार-पाच मिनिटे पुरतात. सहावीच्या मुलासाठी याला दोन गोष्टी जोडाव्यात. एक, त्याच्याच विज्ञानाच्या पुस्तकातला एक परिच्छेद वाचून त्यावर दोन प्रश्न. आणि दोन, 'आमच्या घरची माणसे' किंवा असल्याच विषयावर पाच वाक्ये लिहायची. सरकारची पायाभूत चाचणी होते तिचे गुण वेगळे राहू द्या. गुणांनी मूल किती खाली आहे ते कळते, कुठे अडले ते कळत नाही.

हे सगळे एका वहीत, मुलाच्या नावापुढे, तारखेसह. ही वही वर्षाच्या शेवटी पुन्हा लागणार आहे.

मोजणी झाली की वर्गाचे तीन गट पडतात. परिच्छेदापर्यंतसुद्धा न पोचलेली मुले, गोष्ट वाचणारी पण अर्थ न सांगू शकणारी मुले, आणि नीट वाचणारी. पहिल्या गटासाठी जुलै-ऑगस्टमध्ये रोज तासभर वेगळे काढावे लागते. सहावी, सातवी, आठवीची अशी मुले एकत्र बसवली तरी चालतात, नव्हे तशीच बसवावीत. इयत्ता न बघता पातळी बघून शिकवायची ही रीत मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेने बसविली आणि पुढे आफ्रिकेतल्या झांबियासारख्या देशांनीही ती उचलली. मोठ्या पोराला लहान पोराचे पुस्तक देताना एक काळजी मात्र घ्यावी. तेरा वर्षांच्या मुलाच्या हातात 'कमळ, बदक' दिले तर तो लाजेने मान वर करत नाही. त्याला त्याच्या कामाचे शब्द द्या. सरी, टिपरी, मुकादम, पंप, विद्युत, ट्रान्सफॉर्मर, प्रवेशपत्र. जोडाक्षरे यातही भरपूर आहेत.

अडचण अशी की हेच दोन महिने आपल्याकडे आडसाली लागणीचे. पोरगं दोन दिवस बेणे टाकायला लागते, दोन दिवस ढोरांमागे. लागणीच्या महिन्यात पोराला शाळेतून काढू नका, असे मी सरसकट म्हणणार नाही, घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण पहिल्या गटात तुमचे मूल आहे असे गुरुजींनी कळविले असेल तर ते आठ आठवडे त्याचा एकही दिवस बुडू देऊ नका. एवढे पाळा.

वाचायला काय द्यायचे

आपल्या भागात वाचण्यासारखे किती आहे! ज्येष्ठात देहूहून तुकोबांची आणि आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते ती शाळा उघडण्याच्या आगेमागेच. पालखीचा मार्ग, मुक्काम, दिंड्यांचे क्रम यांची माहिती छापील मिळते, ती वर्गात वाचता येते. चाकणचा संग्रामदुर्ग रोज बसमधून दिसतो. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे तो किल्ला जवळजवळ दोन महिने लढविला, ही गोष्ट चौथीत ऐकलेली असते. सातवीत ती वाचून, नकाशा काढून, खानाच्या बाजूने आणि किल्लेदाराच्या बाजूने अशी दोनदा लिहायला सांगावी. राजगुरुनगर हुतात्मा राजगुरूंचे, चिंचवड चापेकर बंधूंचे. याखेरीज 'किशोर' मासिक आहे. बालभारतीने ते नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केले, आणि त्याचे जुने अंक आता मोबाईलवरही वाचता येतात. मोबाईल हातातून काढून घेता येत नसेल तर निदान हे तरी त्यात उघडून द्या.

दिवाळीच्या सुटीत पोराला अभ्यासाची वही न देता एक पुस्तक घरी द्यावे आणि ते आजीला किंवा आजोबांना मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. आजोबा मध्येच विचारतात, "म्हंजे काय झालं रे नेमकं?" समजून वाचले की नाही याची यापेक्षा चांगली परीक्षा नाही.

लेखन : आठवड्याला एक, पण खरे

वाचनापेक्षा लेखनाची स्थिती वाईट आहे. कारण आपल्या शाळांतून लेखन म्हणजे फळ्यावरचे उतरवून घेणे आणि निबंध म्हणजे मार्गदर्शकातला पाठ करून लिहिणे, असे होऊन बसले आहे. मूल वहीभर लिहिते. स्वतःचे एक वाक्यही लिहीत नाही.

माझ्या मते आठवड्याला एकच लेखन करून घ्यावे, पण ते दोनदा लिहून घ्यावे. एका पोराने लिहिले, 'आम्ही ऊस लावला. सगळे आले होते. खूप मजा आली.' एवढ्यावर 'छान' असा शेरा मारून वही परत देता येते. पण गुरुजींनी विचारले पाहिजे, सरी किती फुटांची? टिपरी एक डोळ्याची की दोन? बेणे कुणाच्या रानातले? पाणी आधी सोडले की नंतर? याची उत्तरे पोराला तोंडपाठ असतात, ती लिहायची असतात हे त्याला कोणी सांगितलेले नसते. दुसऱ्या खेपेला तेच पोरगं पंधरा वाक्ये लिहिते, आणि ती वाचून परगावच्या माणसालाही लागण कशी करतात ते कळते. आधी बोलणे, मग लिहिणे, मग प्रश्न, मग पुन्हा लिहिणे, असा क्रम असावा.

पहिल्या सत्रात वर्णन आणि कृती, दुसऱ्या सत्रात अर्ज, पत्र, तक्रार, सभेचे इतिवृत्त असे ठेवावे. पाटबंधारे शाखेकडे नमुना नंबर ७ चा पाणी मागणी अर्ज करायचा, तो आठवीच्या मुलाने भरून दाखवावा. गावात विजेचा खांब वाकला आहे, त्याबद्दलचे पत्र खरोखरच लिहावे आणि खरोखरच पाठवावे. उत्तर आले तर ते वर्गात वाचावे. नाही आले तर स्मरणपत्र कसे लिहितात तेही शिकून होते, त्याची आपल्याला नेहमी गरज पडते.

शुद्धलेखनाबद्दल दोन शब्द. लाल शाईने भरलेली वही पाहून मूल लिहायचेच सोडते. दर महिन्याला दोन नियम धरावेत आणि त्या महिन्यात तेवढेच तपासावेत. आपल्या रानातच उदाहरणे आहेत. ऊस दीर्घ, पण उसाचा ऱ्हस्व. पीक दीर्घ, पण पिकाला ऱ्हस्व. मूग, मुगाचा. वीट, विटा. शेवटचे अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीचा इकार-उकार दीर्घ, शेवटी काना-मात्रा लागली की तो ऱ्हस्व, हा नियम अशा चार शब्दांतून पोराच्या ध्यानात बसतो. संस्कृतातून आलेले शब्द वेगळे चालतात, ते पुढच्या महिन्यात.

वह्या तपासायला वेळ नाही, ही गुरुजींची तक्रार रास्त आहे. ३५ वह्या एकदम घेतल्या तर होणार नाही. रोज सात वह्या, प्रत्येकी पाच मिनिटे. पाच दिवसांत वर्ग पुरा होतो.

नोव्हेंबरात येणारी मुले

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला तो. गळीत हंगाम सुरू होतो तेव्हा बीड, अहिल्यानगर, जळगाव आणि इतर भागांतून तोडणीच्या टोळ्या येतात. कोयता म्हणजे नवरा-बायको, आणि त्यांच्याबरोबर पोरे. ती पोरे आपल्याच रानाच्या कडेला, कोप्यांमध्ये चार-पाच महिने राहतात. दहा-बारा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळते, तेरा-चौदाचा मुलगा मोळ्या बांधतो नाहीतर वाडे विकतो. ऊस आपला तुटतो, वर्ष त्यांचे जाते.

पूर्वी काही कारखान्यांवर साखरशाळा चालल्या. पुढे मुलांना मूळ गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, ती योग्यच आहेत. तरीही काही मुले येतातच. अशा मुलाला जवळच्या शाळेने दाखल करून घेतले पाहिजे, वयाप्रमाणे वर्ग दिला पाहिजे. दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडविता येत नाही, असे शिक्षण हक्क कायदाच सांगतो. हे मुकादमाला माहीत नसते, आई-बापांना तर नाहीच. आपल्याला माहीत असून आपण सांगत नाही.

पण दाखल करून मागच्या बाकावर बसवले तर काय उपयोग? वर्ग तेव्हा सातव्या-आठव्या धड्यावर असतो. म्हणून वर्षाच्या आराखड्यातच नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा पुन्हा मोजणीसाठी राखून ठेवावा. वर्गातल्या मुलांची जूनची प्रगती त्यात कळते आणि नव्या मुलांची पातळीही कळते. जुलै-ऑगस्टचा तो एक तासाचा वर्ग डिसेंबर-जानेवारीत पुन्हा लावायचा, आता या मुलांसाठी. चार महिन्यांत सगळे होणार नाही. पण अक्षरापाशी अडलेले मूल परिच्छेदापर्यंत जाऊ शकते. जाताना शाळेने त्याच्या वहीतले ते एक पान, कुठे होते आणि कुठे पोचले, लिहून आईच्या हातात द्यावे. गावाकडच्या गुरुजींना तेवढ्यावरून पुढे शिकवता येते. शिक्षण हमी पत्रक असतेच, त्याला हे पान जोडावे.

सभासदांनी यात करायचे एवढेच, की टोळी फडात उतरली त्या दिवशी मुकादमाला शाळा कुठे आहे ते दाखवावे आणि वाडे गोळा करायला शाळेच्या वेळात पोराला बोलावू नये. गट कार्यालयातील आमचे कर्मचारी टोळीची नोंद घेताना मुलांचीही नावे, वये नि इयत्ता लिहून शाळेकडे देऊ शकतात. त्या नोंदीला दोन मिनिटे लागतात.

याच ओघात दुसरी एक गोष्ट. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या बाजूच्या शाळांतून बिहार, उत्तर प्रदेशाकडच्या कामगारांची मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांना देवनागरी वाचता येते असे आपल्याला वाटते, कारण हिंदीची लिपी तीच. पण 'ळ' तिथे अडखळतो, आणि चार या अंकातला 'च' आणि जनावरांच्या चाऱ्यातला 'च' लिहायला एक असून बोलायला दोन, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. असे मूल मराठी हळू वाचते म्हणून त्याला कच्चे समजू नये. जोडीवाचनात त्याला आपल्या पोराबरोबर बसवावे. दोघांचेही भले होते, आपलं पोरगं हिंदी ऐकतं.

आणि आपल्यापैकी ज्यांची मुले इंग्रजी शाळेत आहेत त्यांनी हे सगळे दुसऱ्यांसाठी आहे असे समजू नये. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पहिली आणि सहावीपासून टप्प्याटप्प्याने. पण तास पाटीवर असणे वेगळे. तुमच्या सातवीतल्या मुलाला आज संध्याकाळी वार्षिक सभेच्या नोटिशीतला एक ठराव वाचायला सांगा आणि तुमच्या शब्दांत सांग म्हणा. काय ते कळेल.

शेवटचे तीन महिने आणि समितीचे काम

जानेवारी-फेब्रुवारीत वाचनाचा रोख इतर विषयांकडे वळवावा. विज्ञानाचा धडा शिकवण्याआधी त्यातले दहा कठीण शब्द मराठीच्या तासाला घ्यावेत, इतिहासाच्या धड्यातून 'कारण काय, परिणाम काय' शोधून लिहावे. यासाठी गुरुजींनी आणि बाईंनी आपापसांत बसून ठरवावे लागते, त्याला फार तर महिन्याला एक तास लागेल. मार्चमध्ये प्रत्येक मुलाने वर्षभरातले आपले सर्वांत चांगले लेखन स्वच्छ उतरवून द्यावे आणि शाळेने त्याची शिवलेली वही करावी. पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आहे, तिची तयारी वेगळी करावी लागणार नाही.

एप्रिलमध्ये जूनचीच मोजणी पुन्हा. तोच कागद नको, त्याच पातळीचा दुसरा.

हा आराखडा शाळेने करायचा, पण मागायचा आपण. कायद्याप्रमाणे प्रत्येक सरकारी नि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. बहुतेक ठिकाणी या आराखड्यात संरक्षक भिंत, शौचालय, पत्रे, संगणक एवढेच असते. ते हवेच. त्याखाली वाचन-लेखनाचे एक पान वाढवायला सांगा. मे महिन्यात मुख्याध्यापकांची गाठ घ्या. जूनची मोजणी कोणत्या तारखांना आहे, एक तासाचा वर्ग कोण घेणार, नोव्हेंबरात येणाऱ्या मुलांचे काय ठरले आहे, आणि एप्रिलचा निकाल पालकांना कधी वाचून दाखवणार, एवढी चार उत्तरे लिहून घ्या. बैठकीला दरडावायला जाऊ नका. एका शिक्षकावर दोन-दोन वर्ग असतील तर आधी त्यांची अडचण ऐका, निवृत्त शिक्षक किंवा गावातली शिकलेली सून आठवड्याला तीन दिवस जोडीवाचनाला येऊ शकेल का ते बघा.

ज्या गावातली शाळा सातवीपर्यंतच आहे तिथे एक काम जास्तीचे आहे. आठवीला मुले दुसऱ्या हायस्कुलात जातात आणि वही इथेच राहते. दाखल्याबरोबर ते पान हायस्कुलात पोचवायची जबाबदारी समितीतल्या एका पालकाने नावानिशी घ्यावी. मोजणीसाठी लागणारे कागद, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे आणि या मासिकाचे शिल्लक अंक गट कार्यालयातून शाळांना देता येतील. मागणीचे पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने १० जूनपूर्वी द्यावे, आणि ते पत्र आठवीच्या मुलाने लिहिलेले असले तर आम्हाला अधिक आवडेल.